सहाव्या स्तराची चावी

“यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर एकाचाही बसलेला नाही,” असं म्हणत वस्तादांनी दोन्ही तळहात टेबलावर आपटले आणि मग सावकाश उताणे केले.

पाण्याचा ग्लास हिंदकळला. तळहातांवर एकही रेषा नव्हती. भाजून, सोलून निघून, पुन्हा भरून आलेली गुळगुळीत गुलाबी कातडी तेवढी होती. एखाद्या हात बघणाऱ्यापुढे ते हात धरले असते तर त्यानं काढता पाय घेतला असता. टेबलापलीकडचा तरुण परीक्षक नकळत मागे सरकला.

“कशानं झालं हे?”

“तेच तर सांगायला आलोय, साहेब. घाई केलीत तर मजा जाईल.”

भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्चीत वस्तादांचा मेहुणा बसला होता, साक्षीदार म्हणून. कारखान्यात त्याला सगळे डावऱ्या म्हणत. जन्मानं तो उजवा होता. पण उजवा हात कोपराच्या वर चार बोटं तेवढा राहिला आणि बाकीचा प्रेसखाली गेला, तेव्हा त्याला हे नाव पडलं. नाव वस्तादांनीच ठेवलं होतं, इस्पितळात, तो शुद्धीवर आल्याआल्या. तोही हसला होता. हसताना टाके ओढले गेले होते.

खोली लांबट होती आणि नव्या रंगाचा वास अजून गेलेला नव्हता. टेबलाच्या मधोमध तळहाताएवढी एक काळी चकती होती. माणूस बोलू लागला की ती ऐके, बोलण्यातून कौशल्यं वेचून काढे आणि भिंतीवरच्या पडद्यावर एकाखाली एक मांडे; प्रत्येकापुढे स्तराचा आकडा. राष्ट्रीय पात्रता आराखडा नव्यानं लिहिला गेला होता. जुन्या आराखड्यात घण मारणारा होता, साचा बसवणारा होता, प्रेस चालवणारा होता, आणि ज्याला त्याला आपापला स्तर होता. मग यंत्रहात आले, त्यांच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धिमत्ता आली आणि ही सगळी माणसं एका परिपत्रकात पुसली गेली. प्रेस खात्यातल्या जुन्या कामगारांसाठी आता दोनच जागा होत्या. दुसऱ्या स्तराचा परिसर सहायक, म्हणजे झाडू. आणि सहाव्या स्तराचा निर्णयचालक, म्हणजे चावी. बुद्धिमत्ता ‘थांबा’ म्हणाली तरी चालवायचं, किंवा ‘चला’ म्हणाली तरी थांबवायचं, हा अधिकार त्या चावीत होता. अधलंमधलं काही नाही.

ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांच्यासाठी ही सुनावणी होती. एक अनुभव सांगायचा, तो डोळ्यांनी पाहिलेला एक साक्षीदार आणायचा. वस्तादांची निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

“सांगा,” मधल्या खुर्चीतल्या अध्यक्षबाई म्हणाल्या. केस पांढरे, चष्मा दोरीला अडकवलेला, आणि समोरच्या माणसाला संपूर्ण बोलू द्यायची सवय असलेला चेहरा.

“तर, सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची पाळी. सोळाशे टनांचा प्रेस. ही तुमची इमारत, तुमच्यासकट, त्याच्याखाली सरकवली ना बाई, तर एका ठोक्यात गालिचा होईल गालिचा.”

“आम्हाला वगळा.”

“वगळलं. तुम्ही बाहेर उभ्या राहा.” वस्तादांनी बाह्या सरसावल्या. “समोर यंत्रहात. भट्टीतून लालबुंद ठोकळा चिमट्यात धरायचा, डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायचा. वरून ठोका. ठोकळ्याला डायचा आकार आला की उचलायचा. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर शहाणा.”

“शहाणा कोण?” परीक्षकानं विचारलं.

“ती तुमची कृत्रिम बुद्धिमत्ता हो. आमच्यात तिला शहाणा म्हणायचे. तिचे चार दिवे. हिरवा म्हणजे चला, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे थांबा.”

“हे तीनच झाले.”

“चौथा कधी लागलाच नाही. म्हणून तर कुणाला कळलं नाही, कशाचा होता.”

पडद्यावर ओळ उमटली: यंत्रणेच्या संकेतांची समज, स्तर चार.

डावऱ्या गालातल्या गालात हसला. चौथा दिवा नवीन होता. ही गोष्ट त्यानं उपाहारगृहात, लग्नाच्या पंगतीत, इस्पितळाच्या खाटेशी, मिळून चाळीस वेळा तरी ऐकली असेल, आणि दर वेळी तिच्यात काही ना काही भर पडलेली असे. दाजी खोटं बोलतात असं त्याला कधी वाटलं नव्हतं. दाजी सजवतात, एवढंच.

“त्या दिवशी दिवा हिरवा,” वस्ताद सांगत होते. “हिरवागार. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. मी काय केलं, लहानशी हातोडी घेतली आणि डायवर एक टिचकी मारली. आवाज बद्द आला. म्हटलं, मेलो. आत चीर आहे. केसाएवढी, पण आहे.”

“डाय आवळलेला होता की सैल?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“आवळलेला.”

“आणि गरम.”

“गरमच असणार ना बाई. तो काय शोकेसमध्ये ठेवलेला होता?”

“मी वीस वर्षं फोर्जिंग शिकवलं आहे, वस्ताद. गरम आणि आवळलेला डाय चीर नसली तरी बद्दच वाजतो. आणि कुणी चुकून डायऐवजी त्याच्या बाहेरच्या चौकटीवर ठोकलं, तर चीर असूनही खणखणीत वाजतं.”

वस्तादांच्या पापण्या लवल्या नाहीत. पण उजवा हात टेबलावरून खाली मांडीवर गेला.

“शिकवलं असेल. मी ऐकलं.”

अनुभवजन्य निदान, स्तर सहा, पडद्यानं लिहिलं. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बाईंनी पडद्याकडे पाहिलं, आणि सध्या काही बोलायचं नाही असं ठरवल्यासारखा चष्मा खाली सोडला.

“मी ओरडलो, थांबवा! तेवढ्यात सुपरवायझर धावत आला. साडेसहा फूट. मान अशी, की कॉलरला पदर जोडावा लागायचा. म्हणतो, शहाणा चला म्हणतोय, तू कोण थांबवणारा? चालव! मी म्हटलं, मुडदा पाडायचाय का कुणाचा? त्यानं माझी गचांडी धरली. अशी.”

वस्ताद उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि परीक्षकाची कॉलर त्यांनी मुठीत धरली. परीक्षकाची खुर्ची करकरली.

“घाबरू नका साहेब, नुसतं दाखवतोय. मग मी त्याचा हात असा पिरगळला, आणि इथं,” गुळगुळीत मूठ परीक्षकाच्या हनुवटीपासून बोटभर अंतरावर येऊन थांबली, “इथं ठेवून दिली. कडाक्! जबडा दोन जागी. सात दात. पाच जमिनीवर, एक त्याच्या स्वतःच्या खिशात, आणि एक अजून सापडायचाय.”

मतभेदांचे व्यवस्थापन, स्तर पाच.

परीक्षकानं कॉलर नीट करता करता ती ओळ वाचली आणि त्याला ठसका लागला. अध्यक्षबाईंनी त्याच्यापुढे पाणी सरकवलं.

डावऱ्या या वेळी हसला नाही. गेल्या सहा वर्षांत तो सुपरवायझर दरवर्षी दोन-दोन इंच वाढत आला होता. खरा सुपरवायझर शिडशिडीत होता. जाड चष्मा, सतत खोकला, खिशात खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट. बुक्की मात्र खरी होती. डावऱ्या तेव्हा तीन हातांच्या अंतरावर उभा होता. ओल्या फळीवर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला होता. चष्मा उडून कन्व्हेयरखाली गेला. माणूस गुडघ्यांवर बसला, त्यानं तोंडाला हात लावला, आणि बोटांमधून रक्त आणि लाळ यांची एक दोरी पांढऱ्या शर्टावर उतरली. खाली बसूनही तो काहीतरी म्हणत होता. जबडा निखळलेला होता, शब्द फुटत नव्हते, तरी एक हात वर करून, पंजा उघडून, तो तेच तेच म्हणत होता.

डावऱ्यानं खुर्चीत कूस बदलली. रिकामी बाही पिनेनं दुमडलेली होती. ती त्यानं डाव्या हातानं उगाच चाचपली.

सकाळी निघताना त्याची बहीण दारात उभी होती. वस्तादांच्या डब्याचं झाकण लावत ती एवढंच म्हणाली होती, “दोन वर्षं राहिली रे त्यांची. ज्यांना शिकवलं त्या पोरांच्या पायाखालचा केर काढायला लावू नकोस त्यांना. होय म्हण आणि ये.”

“म्हणेन ना. त्यात काय,” तो म्हणाला होता.

आणि म्हणणारही होता. परवाच्या संध्याकाळपर्यंत त्याच्या मनात दुसरा विचारही नव्हता. परवा संध्याकाळी त्याची लेक कामावरून आली. सहा महिने झाले होते तिला लागून. चौथ्या स्तराची पदविका, कोऱ्या करकरीत बुटांचा जोड, आणि जागा नेमकी तीच, सोळाशे टनांच्या प्रेसच्या डाव्या अंगाला, यंत्रहाताच्या पलीकडे. बापाची जागा मिळाली म्हणून तिनं हट्टानं घेतली होती. हातपाय धुता धुता ती सांगत होती, “बाबा, आज गंमत झाली. शहाण्यानं दोनदा तांबडा दिवा लावला, लाइन थांबली. आतोबा शेजारीच उभे होते. त्यांनी डायवर हातोडीनं ठोकून बघितलं आणि म्हणाले, काही झालेलं नाही याला, शहाणाच नुसता भित्रा आहे. एकदा चावी हातात येऊ दे, मग दाखवतो.” सांगताना ती हसत होती. आतोबांवर तिचा फार जीव. “कसले भारी आहेत ना ते?”

“भारीच,” तो म्हणाला होता, आणि ताटावरून अर्ध्यात उठला होता.

“मग?” अध्यक्षबाई विचारत होत्या. “सुपरवायझर पडला. मग?”

“पडता पडता त्यानं बटण दाबलं, बाई! सैतान तो. ठोका पडला. पहिला पडला, दुसरा पडला, आणि चौथ्याला,” वस्तादांनी दोन्ही मुठी एकमेकींवर आदळल्या, “डाय फुटला! तोफ काय उडते, असा. वरचे पत्रे फाडून एक तुकडा आभाळात गेला. खाली आलेला कुणी पाहिला नाही. दुसरा तुकडा सरळ माझ्या तोंडावर. आणि त्या क्षणी हा,” त्यांनी मागे न बघता अंगठ्यानं डावऱ्याकडे खूण केली, “हा माझा मेहुणा, यानं आपला उजवा हात आडवा घातला. माझ्यासाठी! तुकडा अडवला, पण तेवढ्यात यंत्रहात बिथरला. हात गरागरा फिरला आणि त्यानं याला प्रेसच्या पाटावर असा दाबून धरला, लालबुंद चिमट्यात.”

परीक्षकानं डावऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आदर होता. उपाहारगृहातही लोक असंच बघत. डावऱ्या दर वेळी मान खाली घालत असे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडतही असे. गेलेला हात परत येणार नव्हता. निदान कुणासाठी तरी गेला, हे बरं वाटायचं. दाजींनी त्याला त्याच्या हातापेक्षा चांगली गोष्ट दिली होती.

त्यानं काही अडवलं नव्हतं. तो आपल्या जागेवर, प्रेसच्या बटणाशी उभा होता, आणि ठोकळा डायला चिकटला म्हणून सांगितल्याप्रमाणे सळई घेऊन वाकला होता. डाय फुटला तेव्हा आवाजच ऐकू आला नाही. कान आधीच मेले. दिसला तो यंत्रहात, आणि मग आपलाच हात, मनगटापासून पाटावर सपाट झालेला, हातमोज्याच्या शिवणीतून काहीतरी बाहेर येताना. ते काय आहे हे समजायला त्याला वेळ लागला. चिमटा बाहीवरून सरकत वर येत होता. कापड पेटलं. मांस जळल्याचा वास स्वतःच्या अंगाला येतो तेव्हा तो वास म्हणून कळत नाही, चव म्हणून कळतो. तो ओरडत होता की नाही, त्याला आजही ठाऊक नाही. हाड दोनदा मोडलं. पहिल्यांदा बाहेरून, दुसऱ्यांदा आतून.

“मग मी काय केलं?” वस्ताद उभे होते. आवाज चढला होता, कपाळावर घाम होता. “यंत्रहाताला कंबरेत धरलं आणि धोबीपछाड घातली!”

“यंत्रहाताला कंबर असते?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“शोधावी लागते, बाई. चार टनांचा ऐवज. तो मला भिंतीवर आदळतोय, मी त्याला खांबावर आदळतोय. माझ्या तीन बरगड्या गेल्या, त्याच्या दोन मोटारी. तेल उडतंय, ठिणग्या उडतायत. शेवटी त्याची मान पिरगळली आणि चिमटा या, या दोन हातांनी उघडला. लाल चिमटा! हातमोजे कधीच जळून गेलेले. कातडं चिमट्यालाच राहिलं. मी मागे वळूनही पाहिलं नाही. याला खांद्यावर टाकलं आणि धावलो.”

आपत्कालीन प्रसंगी स्वायत्त कृती, स्तर सहा. सहकाऱ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी, स्तर सहा. यंत्रणेचा निर्णय बदलण्याची क्षमता, स्तर सहा. तळाशी एक चौकट हिरवी झाली: एकूण स्तर सहा. साक्ष बाकी.

वस्ताद खाली बसले. ग्लास उचलून ते घटाघटा पाणी प्यायले. बरगड्या आणि मोटारी कुठूनही आल्या असोत, शेवटचं ते खरं होतं. चिमटा त्यांनी हातांनीच उघडला होता. यंत्र बंद पडलेलं होतं, धोबीपछाड वगैरे काही नव्हती. एक माणूस रडत रडत तापलेल्या लोखंडाला हात घालत होता, हात मागे घेत होता आणि पुन्हा घालत होता. चार वेळा. इस्पितळात नेताना गाडीत ते डावऱ्याच्या छातीवर ते हात ठेवून बसले होते, आणि ‘माझं चुकलं, माझं चुकलं’ एवढंच पुटपुटत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याचं नाव डावऱ्या ठेवलं, आणि गोष्ट सुरू झाली.

चौथ्या दिवशी चौकशीचा माणूस आला होता. खाटेच्या पायथ्याशी बहीण उभी होती, पदराचं टोक दातात धरून. चौकशीच्या माणसानं कागदावरून नजर न काढता विचारलं, “चालव असं कोण म्हणालं होतं?”

“आठवत नाही,” डावऱ्यानं सांगितलं होतं.

तारांनी जबडा बांधलेला सुपरवायझर बोलू शकत नव्हता. बोलता येऊ लागलं तेव्हा त्याचं कुणी ऐकलं नाही. त्यानं राजीनामा दिला आणि दुसरीकडे निघून गेला. दिव्यांची नोंद तेव्हा महिनाभरच ठेवत, ती पुसली गेली. फाइल बंद झाल्यानं कारखान्यालाही हायसं वाटलं. डावऱ्याला टूलरूमच्या खिडकीत बसवलं. तिथून तो सहा वर्षं डाव्या हातानं पाने आणि हातोड्या देत होता. ती लहानशी हातोडीही त्यानंच दाजींना अनेकदा दिली होती.

“चांगलं सांगता,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“सांगतो कसला बाई, भोगलंय.”

“हो. ते हातांवर दिसतंय.” चष्मा पुन्हा नाकावर चढवून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. “साक्षीदार, जरा पुढे या.”

डावऱ्या उठला. खुर्ची आणि टेबल यांमध्ये चार पावलं होती. काळ्या चकतीपुढे तो उभा राहिला आणि कुठं बघावं हे न कळून ग्लासकडे बघू लागला.

“नाव सांगायची गरज नाही, ते नोंदलं आहे. नातं?”

“हे माझे दाजी. बहिणीचे यजमान.”

“नात्यातला साक्षीदार चालतो, नियम आहे तसा,” परीक्षक घाईनं म्हणाला. त्याच्यापुढे पत्राचा मसुदा उघडलेला होता. नाव, स्तर, चावीचा क्रमांक, सगळं भरलेलं.

“पुढची पाळी कधी लागेल यांची?” अध्यक्षबाईंनी परीक्षकाला विचारलं.

“सोमवारी. दुपारची. सोळाशे टनांचाच प्रेस. तिथली चावी रिकामी आहे.”

डावऱ्यानं ग्लासवरची नजर उचलून परीक्षकाकडे पाहिलं. सोमवारी लेकीची दुपारचीच पाळी होती.

“हे बघा,” बाई त्याच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. “किती दात पडले आणि कोण किती उंच होतं, ते मी विचारणार नाही. जुनी माणसं रंगवून सांगतात, ते आम्हाला कळतं. यंत्राला कळत नाही, म्हणून आम्ही इथं बसतो. चावीसाठी मला एकच गोष्ट हवी. यंत्रणा चला म्हणत असताना यांनी थांबा म्हटलं. हे खरं का? होय किंवा नाही. तेवढं पुरे.”

वस्ताद खुर्चीत अर्धे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, मिशीच्या एका टोकाला अडकलेलं, सगळ्या खात्याला सहा वर्षं हसवलेलं. दोन्ही गुलाबी तळहात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले होते आणि अंगठे हळूहळू चोळत होते.

“सांग रे डावऱ्या,” ते म्हणाले. “दात कमी करायचे असतील तर कर. मी रागावणार नाही.”

डावऱ्याचा डावा हात रिकाम्या बाहीकडे गेला. त्यानं पीन काढली. पुन्हा लावायला गेला, पण एका हातानं ते जमेना, तेव्हा पीन त्यानं टेबलावर ठेवली. बाही लोंबत राहिली. परीक्षकानं मान फिरवली.

“होय म्हण ना,” वस्ताद हळूच म्हणाले. हसू अजून होतं, पण डोळ्यांत नव्हतं. “घरी तुझी बहीण वाट बघत असेल.”

“बुक्की खरी आहे,” डावऱ्या म्हणाला. “हात भाजले तेही खरं आहे. चार वेळा घातले त्यांनी. दुसऱ्या कुणी एकदाही घातला नसता.”

“बघा!” वस्तादांनी टेबलावर थाप मारली. “घरचा माणूस आहे, पण एक शब्द...”

“दाजी.” डावऱ्यानं मान वर केली. “शहाणा थांबा म्हणत होता. सुपरवायझर बंद करायला धावत आला होता, म्हणून तुम्ही त्याला मारलंत. चालव, असं तुम्ही म्हणालात. मला.”